चंद्रीची कवळी

दाजी गेल्याचा फोन आला तेव्हा मी कॉलेजच्या ऑफिसात प्रवेशाच्या फायली लावत होते. फोन त्यांच्या दवाखान्यातल्या मंगलताईंचा. एरवी त्यांचा फोन म्हणजे दाजींचा काहीतरी निरोप, म्हणून मी सवयीनं म्हणाले, "आता कुठं अडकलेत? गॅरेजात की मंद्रूपला?" त्या म्हणाल्या, "बाई, डॉक्टर पेशंटच्या खुर्चीत बसलेत. उठंनात." दुपारचे पेशंट संपवून त्यांनी हात धुतले, जरा टेकतो म्हणाले, आणि त्या मागं कलणाऱ्या खुर्चीत स्वतःच आडवे झाले. जन्मभर त्या खुर्चीशेजारी उभं राहून लोकांना 'आ करा' म्हणणारा माणूस तीत बसला तो असा. खरं सांगते, मला आधी रागच आला. रडू मागाहून आलं. न सांगता निघून जायची त्यांची जुनी खोड होती, चहाचा कप अर्धा ठेवून जायचे, लग्नाच्या पंगतीतून जायचे, आणि नंतर कुणाच्या तरी गाडीच्या बॉनेटखाली सापडायचे. या वेळी शोधायला कुठं जायचं?

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, अक्काचे यजमान, डॉ. मुकुंद. नव्या पेठेत त्यांचा दातांचा दवाखाना आणि जुळे सोलापुरात घर. माझं घर त्यांच्यापासून दोन गल्ल्यांवर, त्यामुळं मेव्हणी म्हणून जे काही बोलायचा हक्क असतो तो मी रोजच्या रोज बजावत आले. ते गेले त्या दिवशी त्यांची गाडी दवाखान्यासमोर लिंबाखाली उभी होती ती तशीच राहिली. दहावं-तेरावं झाल्यावर बाशाभाई ती घेऊन आले. बाशाभाई म्हणजे विजापूर रोडवरच्या गॅरेजचे मालक आणि दाजींचे जिवाभावाचे दोस्त. गाडी धडधाकट होती, चावी त्यांच्या खिशात होती, तरी त्यांनी गॅरेजातल्या पोराला तिच्या स्टिअरिंगवर बसवून ती आपल्या जीपला दोर बांधून ओढत आणली. मी विचारलं, बिघडली की काय? तर मान खाली घालून म्हणाले, "नै बाई. मई चालू नै करता. घर में दोनो जनी हैं, सुनेंगे." आणि मग दोर सोडवायच्या निमित्तानं ते बराच वेळ गाडीच्या पुढं वाकून राहिले.

त्या दोघी जणी म्हणजे माझी अक्का आणि आमची आई. गाडीच्या आवाजाचं त्यांना एवढं काय, हे सांगायचं तर आधी दाजींच्या वेडाबद्दल सांगायला हवं.

दाजींना वेड होतं हवेचं. दात कोरायचं जे मशीन असतं, ज्याचा आवाज ऐकून मोठमोठी माणसं खुर्चीतून उठून पळतात, ते हवेच्या झोतावर फिरतं. शिकत असताना त्यांनी ते पहिल्यांदा हातात धरलं आणि नुसती हवा एवढं बळ दाखवते हे पाहून ते जे हरखले, ते हरखलेलेच राहिले. पुढं स्वतःची गाडी घेतल्यावर त्यांची नजर इंजिनावर गेली. ते म्हणायचे, "सुनंदा, लोकांना वाटतं इंजिन पेट्रोलवर चालतं. अगं, पेट्रोल काय, कुणीही जास्त ओतेल. हवा जास्त घालून दाखव की." म्हणजे त्यांचं म्हणणं असं, की कंपनीवाले इंजिनाच्या नाकावर हवा गाळायचा एक अवजड डबा बसवतात, पुढं अरुंद नळी लावतात, आत वळणं ठेवतात, आणि बिचाऱ्या इंजिनाला अर्ध्या नाकानं श्वास घ्यावा लागतो. ती वाट मोकळी केली, गरम बॉनेटखालची हवा न घेता पुढच्या जाळीतून गार हवा आत आणली, की तीच गाडी वेगळी पळते. हे खरं होतं, हे मला कबूल करावं लागतं, कारण प्रत्येक प्रयोगाला मागच्या सीटवर मला बसवून मंद्रूपपर्यंत चहाला नेलं जायचं. पुढं दाजी आणि बाशाभाई कान टवकारून बसलेले, मागं मी. चहा चांगला असायचा, म्हणून मी जायची.

आता बाकीचे लोकही असले उद्योग करतात, पण ते गॅरेजात. दाजी करायचे दवाखान्यात. इंजिनाच्या डोक्यात हवा शिरायची जी वाट असते, तिला ते पोर्ट म्हणायचे, तिचा आतला आकार बघायला ते दातांचं माप घ्यायचा रबरासारखा मसाला आत भरायचे आणि घट्ट झाला की अलगद उपसून काढायचे. मग त्याचे पांढरे साचे करून खिडकीत वाळत ठेवायचे. एकदा केम गावाहून आलेले एक म्हातारे पेशंट त्या साच्यांकडं बघत बसले आणि शेवटी न राहवून म्हणाले, "डाक्टर, ही कुनाची दाढ म्हनायची? हत्तीची काय?" दाजी गंभीरपणे म्हणाले, "व्हय बाबा. लई किडली होती." म्हातारबांनी दाढ न दुखता काढून घेतली आणि गावात जाऊन काय सांगितलं देव जाणे, त्यानंतर केमचे पेशंट वाढले.

याच हातांनी एकदा चांगलीच फसवणूक केली. दाजींनी आपल्या गाडीचा तो पोर्ट कोरून रुंद केला आणि मग, दात भरल्यावर जसं करतात तसं, बारीक बारीक पॉलिश करत तो आरशासारखा चकचकीत केला. बाशाभाईंनी आत बॅटरी मारून बघितलं आणि म्हणाले, "क्या बात है डॉक्टरसाब, दाढी कर लूं इसमें." दोघंही खूश. आणि मार्गशीर्षातल्या पहिल्याच गार सकाळी गाडी काही केल्या सुरू होईना. अक्का शाळेत शिकवायची, तिची सकाळची पाळी. शेजारच्या दोघा-तिघांनी गाडी ढकलली, अक्का स्टिअरिंगवर, आणि दाजी मागं मागं पळत "अजून थोडं, अजून थोडं" म्हणत होते. पुढं कळलं ते असं, की भिंत फार गुळगुळीत झाली की गारव्यात पेट्रोलचे कण तिच्यावरून ओघळून खाली साचतात, जरा खरबरीत असली तर ते हवेत मिसळून राहतात. इतके दिवस दोघांनी जी भिंत चाटूनपुसून चमकवली, तीच मग दोघं पॉलिशपेपरनं खरवडत बसले. मी विचारलं, दाजी, एवढं शिकलेले तुम्ही, हे कसं लक्षात आलं नाही? तर म्हणाले, "लक्षात येऊन काय उपयोग गं. दात खरबरीत राहिला की किडतो, हेच या हातांना शिकवलंय. हात ऐकेनात." अक्का त्यानंतर महिनाभर रिक्षानं शाळेत गेली.

अण्णा गेले आणि या वेडाला वेगळंच वळण लागलं. अण्णा म्हणजे आमचे वडील. बार्शीच्या शाळेत शिकवायचे आणि रोज संध्याकाळी वैरागला घरी यायचे, ते त्यांच्या जुन्या, क्रीम रंगाच्या गाडीतून. तिचं नाव त्यांनी चंद्री ठेवलं होतं. का, ते त्यांनी कुणाला सांगितलं नाही. ते गेल्यावर आई वैरागात एकटी राहिली. न्हाणीघरात पाय घसरून तिचं मनगट मोडलं तेव्हा आम्ही दोघी बहिणी हात जोडून बसलो, की सोलापूरला चल. तर तिचा एकच धोशा, "लेकीच्या घरी ऱ्हायचं म्हंजे काय? लोक काय म्हनत्याल? जावयाच्या दारात मी जन्म काढू?" आमच्याकडं लेकीच्या घरचं पाणीसुद्धा मोजून प्यायची बायकांची रीत, आणि आई त्या रीतीची पक्की. तेवढ्यात कुणीतरी चंद्री विकत मागितली. दाजी म्हणाले, विकायची नाही, मी नेतो, मी चालवतो. त्यावर आई म्हणाली, "मग मी बी येते. गाडी हाय तितं मी हाय." वैरागातल्या बायका निरोप द्यायला आल्या तेव्हा तिनं प्रत्येकीला सांगितलं, "लेकीकडं न्हाय, गाडीकडं चाललेय."

हसू नका. गाडीचं निमित्त होतं, पण निव्वळ निमित्त नव्हतं. दाजींनी स्वतःची नवी गाडी अक्काला देऊन टाकली आणि ते चंद्री घेऊन दवाखान्यात जाऊ लागले. संध्याकाळी घराच्या वळणावर चंद्रीचा आवाज आला की आई ओसरीतल्या खुर्चीत ताठ व्हायची. तोंडावर काही दाखवायची नाही, पण हातातलं काम थांबायचं. अण्णा रोज जसे यायचे तसा तो आवाज यायचा. गाडी दारात थांबेपर्यंतचा तेवढा वेळ तिचा होता. आम्हाला सगळ्यांना हे माहीत होतं, फक्त दाजींना ते वेगळं दिसलं. त्यांना दिसलं की सासूबाईंचा या गाडीवर फार जीव आहे, आणि या गाडीला तर धड श्वास घेता येत नाही.

अण्णांचं वर्षश्राद्ध जवळ आलं होतं. चंद्रीतून आईला वैरागला न्यायचं ठरलं, आणि त्याआधी तिला काहीतरी भेट द्यावी म्हणून दाजी आणि बाशाभाईंनी आठवडाभर खपून चंद्रीचं नाक मोकळं केलं. तो काळा, पातेल्याएवढा हवेचा डबा काढून टाकला, त्याजागी उघडी नवी गाळणी बसवली, पुढून गार हवेची नळी आणली, पोर्ट रुंद केला. या वेळी भिंत खरबरीत ठेवायला ते विसरले नाहीत. चंद्री अशी पळू लागली की बाशाभाईंनी मंद्रूपच्या हॉटेलात सगळ्यांना भजी खाऊ घातली. संध्याकाळी दाजी तिला घेऊन घरी आले. वळणावरून एक जोरकस, घुमणारा आवाज आला आणि गाडी झोकात दारात उभी राहिली. दाजी हसत उतरले. आई शेंगा निवडत होती. तिनं मान वर करून विचारलं, "ही कुनाची गाडी?"

दाजींना वाटलं ती गंमत करतेय. ते सांगायला लागले, आता चढाला दम लागणार नाही, पेट्रोल कमी लागेल... आई ऐकत होती. ऐकून झाल्यावर हळू म्हणाली, "मुकुंदराव, यांची गाडी वळणावर आली की अडखळायची. जरा दम खायची, मग यायची. ही नुसतीच येती." आणि आत गेली. त्या दिवशी ती जेवली नाही. वर्षश्राद्ध उरकून आल्यावर तिनं आम्हाला दोघींना बोलावून सांगितलं, की मला वैरागला सोडा. गाडीसाठी आले होते, ती गाडी आता न्हाय. अक्का रडली, मी भांडले, पण ते भिंतीशी बोलल्यासारखंच. मनगट धड वळत नव्हतं, रक्तदाबाच्या गोळ्या विसरत होती, वैरागात दाराशी येऊन बघणारं कुणी नव्हतं. ती तिथं एकटी गेली तर पुढचा फोन कसला येईल हे आम्हा सगळ्यांना कळत होतं. शेवटी दाजी तिच्यासमोर खाली बसले आणि म्हणाले, "आई, मी बिघडवलं, मी दुरुस्त करतो. दिवाळीपर्यंत थांबा." आई म्हणाली, "बरं. दिवाळीपत्तोर."

आता पुढची गंमत ऐका, गंमत आता वाटते. दाजी धावत जिन्याखाली गेले, तर तिथं ठेवलेला तो जुना डबा जागेवर नाही. अक्कानं पाहुणे येणार म्हणून जिन्याखालचं सगळं आवरून भंगारवाल्याला दिलेलं. तसल्या गाड्या निघायच्या बंद होऊन जमाना झाला होता. दाजी आणि बाशाभाईंनी भंगाराची दुकानं पालथी घातली, अक्कलकोट रोडला एका ठिकाणी तसाच एक डबा मिळाला, तो घासूनपुसून बसवला. आई ओसरीत बसून ऐकत होती. "न्हाय." डबा तसाच होता, पण आतला पोर्ट आता रुंद झाला होता, आणि इथंच घोडं पेंड खात होतं. मी म्हणाले, मग परत अरुंद करा की. दाजी माझ्याकडं बघून म्हणाले, "सुनंदा, कोरलेला दात परत वाढत नाही. वरून काहीतरी बसवावं लागतं."

आणि त्यांनी तेच करायला घेतलं. कवळी बसवताना ते जसं करायचे तसंच. कवळी आपल्याला कशी वाटते याला काही अर्थ नसतो, ती ज्याच्या तोंडात आहे त्यालाच कळतं, हे ते नेहमी म्हणायचे. आईची कवळीही त्यांनीच केलेली, आणि तिनं ती "टोचती" म्हणून किती वेळा परत घासायला लावली होती. आता तीच रीत. रोज संध्याकाळी दवाखान्यातून आले की कपडेसुद्धा न बदलता ते गाडी वळणापर्यंत न्यायचे, तिथून घराकडं आणायचे, आणि उतरून आईच्या तोंडाकडं बघायचे. आई म्हणायची, "न्हाय." कधी म्हणायची, "आज जरा ओळखीची वाटली... पण न्हाय." मग ते डब्याच्या तोंडाशी काहीतरी घासायचे, काहीतरी चिकटवायचे, दुसऱ्या दिवशी पुन्हा. एकदा ते हात पुसत मला म्हणाले, "इतकी वर्षं गाड्यांची नाकं मोकळी केली. आता एक बाई खूश व्हावी म्हणून एका गाडीचा श्वास कोंडायला बसलोय, आणि तेही जमेना." गॅरेजात येणारी गाड्यांची शौकीन मंडळी हे बघून हसायची. बाशाभाई त्यांना दरडावायचे, "हसू नक्को. सासूमां का काम है."

शेवटी दाजींनी काय केलं असेल? कवळीच्या हिरड्या ज्या गुलाबी मसाल्याच्या करतात ना, त्याचं एक कडं बनवलं, आणि ते डब्याच्या नळीत आतून बसवलं. हवा तिथं अडायची, जराशी गुरगुरायची आणि मग आत जायची. काळ्याभोर इंजिनात ती गुलाबी हिरडी इतकी विचित्र दिसायची की मी पोट धरून हसले. म्हणाले, दाजी, चंद्रीला कवळी बसवली तुम्ही. ते म्हणाले, "वय झालंय तिचं, बसवायला नको?" ते कडंही त्यांनी पुन्हा पुन्हा काढून घासलं. मसाला तापवताना बोटं भाजून घेतली, त्या पट्ट्या बांधलेल्या बोटांनी पेशंट बघितले. दिवाळी अगदी तोंडावर आली. आईनं तिचं गाठोडं बांधून कपाटाखाली ठेवलेलं अक्कानं बघितलं होतं, त्यामुळं घरात फराळाचा वास होता आणि कुणाचं त्याकडं लक्ष नव्हतं.

वसुबारसेच्या संध्याकाळी दाजी वळणापर्यंत गेले आणि आले. मी ओसरीच्या पायरीवर बसले होते. वळणावर गाडी अडखळली... मग आली. दाजी उतरले, दार लावलं, आणि काही न विचारता उभे राहिले. आई त्यांच्याकडं बघत होती. मला वाटतं, नेहमीपेक्षा जास्त वेळ बघत होती. मग म्हणाली, "व्हय. हीच." दाजींनी नुसती मान हलवली आणि ते तोंड धुवायला आत गेले, ते किती तरी वेळ बाहेरच आले नाहीत. अक्कानं गाठोडं सोडून लुगडी परत कपाटात लावली.

त्यानंतरच्या सगळ्या दिवाळ्या आईनं इथंच केल्या. वैरागच्या खोल्या एका शिक्षकाला भाड्यानं दिल्या. दाजी दुसऱ्यांच्या गाड्यांची नाकं मोकळी करत राहिले, पण चंद्रीला पुन्हा हात लावला नाही. मोकळ्या रस्त्यावर मागून येणाऱ्या रिक्षाही आम्हाला ओलांडून जायच्या. मी टोमणे मारायची, तर म्हणायचे, "तिला कवळी आहे, हळू खाते." मला गाडी चालवायलाही त्यांनी चंद्रीवरच शिकवलं. सासू-जावयाचं पुढं असं जमलं की आम्ही दोघी लेकी परक्या ठरलो. आईच्या ताटातली पहिली भाकरी त्यांना, शेंगाचटणीचा नवा डबा पहिला त्यांना. भांडायचेही भरपूर. पण संध्याकाळी वळणावर आवाज आला की ती हातातलं काम ठेवायची, ते काही बदललं नाही. आम्हाला वाटायचं, अण्णांसाठी.

आता दाजी गेले आणि चंद्री दारात मुकी उभी राहिली. पुण्याचे एक गृहस्थ, जुन्या गाड्यांचे हौशी, बघायला येऊन गेले. अक्का मला म्हणाली, "देऊन टाकू. तो आवाज मला परत ऐकवणार नाही." मग थांबून म्हणाली, "पण आईला कोण सांगणार? गाडी गेली तर ती वैरागला जाते म्हणेल. आता या वयात... मी दोघंही घालवायची का?" हे सांगायचं काम अर्थातच माझ्याकडं आलं. वाईट कामं धाकट्याकडं येतात, ही आमच्या घरची परंपराच आहे.

दुपारी आई ओसरीत बसली होती. मी शेजारी बसून इकडचं तिकडचं बोलून शेवटी सांगितलं. म्हणाले, अक्काला आवाज सहन होत नाही, पण तुझ्यासाठी तो अण्णांचा आवाज आहे हे आम्हाला कळतं, तू म्हणशील तसं करू.

"सुनंदा, तो यांचा आवाज कवाच नव्हता," ती म्हणाली.

मला आधी कळलंच नाही. मी म्हणाले, अगं, पण तूच 'व्हय' म्हणाली होतीस.

"म्हणले की. काय करू मग? दवाखान्यातनं दमून यायचं, च्या न घेता त्या वळनापत्तोर जायचं, परत यायचं, आन माझ्या तोंडाकडं बघत उभं ऱ्हायचं. रोज. जावई मानूस. माझ्या तोंडाकडं असं कुनी बघितलं नव्हतं गं, तुज्या बापानं बी न्हाय. त्या दिवशी बोटांच्या पट्ट्या दिसल्या. म्हणलं, बास झालं."

"आणि अण्णांचा आवाज?"

"तो यांच्यासंगंच गेला. मलाच कळाया उशीर लागला." तिनं पदरानं डोळे पुसले, आणि मग माझ्यावरच डाफरली, "समद्यांस्नी वाटतंय मी गाडीसाठी ऱ्हायले. वाटू दे म्हणलं. जावयासाठी ऱ्हायले असं म्हातारीनं कसं सांगायचं? आन आता सांगाया गेलं तर त्योच न्हाय."

मी तिचा हात धरून बसले. मला एकदम वाटलं, दाजींना कळलं असणार. जन्मभर त्यांच्यासमोर माणसं दातओठ आवळून 'दुखत नाही डॉक्टर' म्हणत आली, आणि कोण खोटं बोलतंय हे ते डोळ्यांवरून ओळखायचे. वसुबारसेला ते आईच्या तोंडाकडं तेवढेच टक लावून बघत होते. त्यांनी ते 'व्हय' का घेतलं, आणि घेऊन तोंड धुवायला का गेले, हे विचारायला आता कुणी नाही. मी तरी तसंच धरून चालणार आहे. मला त्यावाचून झोप लागणार नाही.

मागं वळून बघितलं तर अक्का दाराच्या चौकटीला टेकून उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं. आत जाऊन तिनं पुण्याच्या गृहस्थांना फोन लावला, आणि गाडी द्यायची नाही एवढंच सांगून ठेवून दिला.

जुनी गाडी नुसती उभी ठेवून चालत नाही. मधूनमधून फिरवावी लागते, नाहीतर बसते. परवा बाशाभाईंनी येऊन बॅटरी लावली, चाकांत हवा भरली आणि चावी माझ्या हातात देऊन ते लगेच निघून गेले. अक्का आत स्वयंपाकघरात होती, तिनं दार लावून घेतलं होतं. आई झोपली होती. मी चंद्री हळूच बाहेर काढली, कॉलनीला एक चक्कर मारली आणि घराकडं वळले. वळणावर तिनं दम खाल्ला... गुरगुरली... आणि मग निघाली. फाटकाशी आले तर अक्का तिथं उभी होती, हाताला कणीक तशीच. तिच्यामागं भिंतीला धरून आई. दोघींपैकी कुणीही माझ्याकडं बघत नव्हतं.

मी इंजिन बंद केलं नाही. दोघींचं ऐकून होईपर्यंत चालू ठेवलं.